हल्डाच्या वहीतलं एक पान

१

एकोणीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला आर्वेल थरगुडने उत्तर दिलं नव्हतं. पत्र धाकट्या बहिणीचं होतं, नेड्राचं. ती चार गल्ल्या पलीकडे राहायची, तरी टपालाने आलं होतं. चांगलं जाड होतं, दोन तिकिटं लावलेलं.

त्या वर्षी आर्वेलने मॉर्मन पंथ सोडला होता. पंचावन्नाव्या वर्षी, कुणाशी न भांडता, वाचता वाचता. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्राचीन ग्रंथ एका शेतकऱ्याच्या पोराला सापडला, पोराने पडद्याआड बसून तो इंग्रजीत सांगितला, आणि मग देवदूत पत्रे परत घेऊन गेला, ही गोष्ट तो आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आला होता. एका रविवारी सभेत साक्ष द्यायला तो उभा राहिला. साक्षीची सुरुवात ठरलेली असते: ‘मला ठाऊक आहे.’ ते शब्द तोंडातून निघेनात. तो खाली बसला, आणि पुन्हा कधी गेला नाही.

त्यानंतर पत्रं आली. पंथ सोडलेल्याला नातेवाईक लिहितात तेव्हा वेगळ्या कागदावर स्वतःची साक्ष लिहून, घडी करून पाकिटात घालतात. मला ठाऊक आहे की हा ग्रंथ खरा आहे, वगैरे. आर्वेलला असे अकरा कागद आले. पहिले तीन त्याने वाचले. नेड्राचं पाकीट उघडल्यावर आत पत्र आणि एक घडी केलेला कागद दिसला, तेव्हा त्याने पत्राची पहिली बाजू तेवढी उभ्याउभ्या वाचली. त्या बाजूची शेवटची ओळ होती: ‘मला फक्त एवढं सांग, आपली हल्डा खोटं बोलली का?’

हल्डा त्यांची खापरपणजी. न्यूयॉर्ककडच्या गावात तो ग्रंथ सांगितला जात होता, तेव्हा त्याच घरात कामाला असलेली पोर. पत्रे आपण पाहिले असं ती लोकांना सांगे; पुढे मोठेपणी तिने वही लिहिली होती, आणि त्या वहीवर सगळं थरगुड घराणं मान ताठ करून चालत असे. बहीण टोमणा मारते आहे असं आर्वेलला वाटलं. पुढचं काय असणार ते ठाऊकच होतं. त्याने पत्र, कागद, पाकीट सगळं एका जाड नकाशांच्या पुस्तकात ठेवून दिलं. उद्या उत्तर देऊ, असं म्हणून.

आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. सप्टेंबर चालू होता. डोंगरापलीकडे जंगल पेटलेलं, आणि बेंचफील्डच्या खोऱ्यात गेले आठ दिवस मधाच्या रंगाचा धूर साचला होता. टेकडीवरचं मंदिर हवेत तरंगल्यासारखं दिसत होतं. अशा उजेडात आर्वेल खिडकीशी बसून एका जुन्या पुस्तकाची पाठ शिवत होता, तेव्हा फोन वाजला.

“आर्वेल, कॉफी टाकलीय, ये,” लारू म्हणाली. “आणि मन घट्ट करून ये. तुझ्या बहिणीने चोरी केलीय म्हणतात.”

२

लारू स्टॉडर्डची बेकरी रविवारी बंद असे. गाव प्रार्थनेला गेलं की पंथ सोडलेली पाच-सहा म्हातारी माणसं मागच्या भट्टीपाशी जमत आणि पंथाने निषिद्ध ठरवलेली कॉफी पीत. त्या दिवशी थेन बॅग्ली मध्ये उभा होता. थेनने वीस वर्षं शाळकरी मुलांना पंथाचा ग्रंथ शिकवला होता; आता तितक्याच तळमळीने तो त्याच्या चिंध्या करी.

“ये, ब्रदर थरगुड,” तो म्हणाला. “तुझ्या खापरपणजीने आपल्याला पत्र पाठवलंय.”

टेबलावर काचेखाली एक पिवळट पान होतं. मंगळवारी ते आपल्या टपालपेटीत निनावी पाकिटात आलं, असं थेनने सांगितलं. शाई तपकिरी, अक्षर हल्डासारखं डावीकडे कललेलं. वर तारीख, ऑगस्ट १८६१. थेनने मोठ्याने वाचलं:

“‘मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्याच्या पुढ्यात पत्रे नव्हते. दुसऱ्याच कुणाच्या हातची जुनी वही होती, तीतून तो वाचत होता. आज उपवासाचा रविवार. पोटात अन्न नाही, म्हणून खोटं लिहवत नाही.’”

एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. हे ऐकायला त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

“काल मी संग्रहालयात गेलो,” थेन म्हणाला. “हल्डाची वही उघडायला लावली. मधलं एक पान कापलेलं आहे. नुसता बोटभर काठ उरलाय. आणि वही कुणाच्या ताब्यात असते?”

वही नेड्राच्या ताब्यात असे. गावातल्या जुन्या वसाहतकऱ्यांचं ते दगडी संग्रहालय ती सात वर्षं सांभाळत होती, आणि वहीही तिनेच तिथे दिली होती.

“तिनेच पान कापलं, आणि मग कुणाच्या तरी हाती लागलं,” थेन म्हणाला. “शुक्रवारी सॉल्ट लेकहून वर्तमानपत्राची बाई येणार आहे. तिला पानही देणार आणि तो काठही दाखवणार.”

“म्हणजे नेड्राचं नाव छापून येणार,” लारू म्हणाली. “सत्तर वर्षांची बाई, थेन. ती दुकानात दोन सेंट जास्त परत आले तरी चालत येऊन देते.”

“सत्य लपवलं तिने.”

आर्वेलला चारचौघांत बोलायला जमत नसे. तो कपाकडे बघत म्हणाला, “शुक्रवारपर्यंत मला ते पान… म्हणजे, मी पुस्तकं बांधतो, मला कागद जरा कळतो.”

“घे की,” थेन लगेच म्हणाला. “तूच सांगितलंस की खरं आहे, तर मग कोण बोलणार? बहिणीच्या विरुद्ध भाऊ!”

पान हातात घेताना आर्वेलने कड पाहिली. कापलेली कड दुधासारखी पांढरी होती.

३

सोमवारी संग्रहालयात नेड्रा एका पाहुण्या जोडप्याला घंटा दाखवत होती. भाऊ आल्याचं तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एकोणीस वर्षं दोघं रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलत, तेवढंच.

“महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ही वाजायची,” ती पाहुण्यांना सांगत होती. “आवाज आला की माणसं नांगर जागच्या जागी सोडून, उपाशीपोटी सभेला येत. या, हात लावून बघा. लावा हो, ती काही चावत नाही.”

पाहुणे गेल्यावर तिने न विचारताच हल्डाची वही कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवली आणि पाठ करून उभी राहिली.

आर्वेलने चष्मा पुसला. कापलेल्या पानाचा काठ शिवणीत होता. त्याने भिंग धरलं. काठाची कड बाकीच्या पानांच्या कडांसारखीच तपकिरी झाली होती, नखाने खरवडली तर भुगा पडेल इतकी. हा काप कालपरवाचा नव्हता. कित्येक वर्षांचा होता. आणि थेनच्या पानाची कड मात्र पांढरीशुभ्र.

“नेड्रा, हे पान…”

“तू मला विचारायला आलास?” ती वळली. तिचे डोळे लाल होते. “तू? सगळं गाव विचारतंय ते ठीक आहे. पण तुला लाज नाही वाटत, आर्वेल?”

“मी फक्त…”

“ते पान कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. आणि त्याचं काय केलंस तेही ऐकलं मी. बॅग्लीने तिथे वाचून दाखवलं ना? हल्डाने तसलं काही लिहिलं नव्हतं.”

“मग काय लिहिलं होतं?”

नेड्राने वही त्याच्या हातातून काढून घेतली. “जा घरी. मला दार लावायचंय.”

४

दोन दिवस आर्वेल घरात बसून राहिला. बहीण काय बोलली ते त्याला उमगेना. आपण म्हातारे झालो, काहीतरी विसरलो, असंच त्याला वाटत राहिलं. स्वतःवर शंका घेणं त्याला जन्मापासून सोपं होतं. थेनचं पान समोर होतं. कागद खरोखर जुना होता, पण जुना कोरा कागद कुठल्याही जुन्या जमाखर्चाच्या वहीतून काढता येतो. अक्षर हुबेहूब होतं, पण हुबेहूब अक्षर काढणारी माणसं असतात. लारू तर बोरूने लग्नपत्रिका लिहून देई.

बुधवारी दुपारी वाचता वाचता त्याचा डोळा लागला. धुरातून घंटा वाजत होती. शेतात नांगर उभे होते, एकटेच, आणि माणसं पांढऱ्या मंदिराकडे चालली होती. त्यांच्यात एक पोर पाण्याची घागर घेऊन मागे मागे जात होती. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आज वार कोणता?”

तो दचकून जागा झाला. पान पुन्हा वाचलं. मग टोपी घालून बेकरीत गेला.

लारू पिठात कोपरापर्यंत हात घालून उभी होती.

“लारू, एक विचारू? हल्डाच्या काळी उपवास कुठल्या वारी असायचा?”

“गुरुवारी,” ती वर न बघता म्हणाली. “माझी आजी सांगायची ना. तिचे वडील मळणी अर्धी टाकून सभेला जायचे, आणि परत येईपर्यंत टर्की कोंबड्यांनी निम्मं धान्य फस्त केलेलं. मग पुढे आजीच्या लहानपणी तो रविवारवर आणला. का रे?”

“काही नाही. सहज.”

“तू सहज कधी काही विचारलंयस आयुष्यात?” तिने पिठाचं बोट त्याच्याकडे रोखलं. “माझ्या बोरूवर डोळा होता ना तुझा? खरं सांग!”

आर्वेलचे कान लाल झाले. “होता,” तो म्हणाला.

“मेल्या! बरं झालं, निदान कबूल तरी करतोस. हा पाव घेऊन जा.”

पाव काखेत घेऊन तो रस्त्यावर आला. नेड्रा रोज पाहुण्यांना तीच गुरुवारची घंटा दाखवते. लारूला आजीने सांगितलेलं. म्हणजे या दोघींपैकी कुणीही १८६१ सालच्या ऑगस्टात ‘उपवासाचा रविवार’ लिहिला नसता. आणि हल्डाने तर नसताच. तो लिहिणारा माणूस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपाशी राहत मोठा झाला होता, आणि उपवास जगाच्या आरंभापासून रविवारीच असतो असं धरून चालला होता.

एकाच माणसाला विचारायचं उरलं होतं.

५

थेन गॅरेजमध्ये होता. भिंतीला लागून गव्हाने भरलेल्या बादल्या रचलेल्या होत्या. वर्षभराचा साठा, पंथाच्या शिकवणीप्रमाणे बायकोने भरलेला. बायको सहा वर्षांपूर्वी निघून गेली. बादल्या त्याने तशाच ठेवल्या होत्या.

“काय मग, खरं आहे ना पान?” त्याने विचारलं.

“थेन, त्या काळी उपवास कोणत्या वारी असायचा?”

“रविवारी. आणखी कधी?”

आर्वेलने काही न बोलता पान एका बादलीच्या झाकणावर ठेवलं. मग हळूहळू, शब्द शोधत, घंटेचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं, पांढऱ्या कडेचं सांगितलं. थेन आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. तो एका बादलीवर बसला.

“वीस वर्षं शिकवलं मी,” तो म्हणाला. “एका पोराने वार विचारला नाही रे.”

दारातून धुराचा केशरी उजेड आत येत होता.

“आमच्या जेनेलचं लग्न झालं तेव्हा,” थेन म्हणाला, “तुला ठाऊक आहे, पंथ सोडलेल्याला मंदिरात सोडत नाहीत. पोरीचं लग्न आत. मी बाहेर बाकावर. दोन तास फुलांचे ताटवे बघत बसलो होतो, नवा कोट घालून. बाहेर आली तेव्हा तिने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, ‘बाबा, मला ठाऊक आहे की ते खरं आहे.’ मला तिला एक कागद दाखवायचा होता. एकच. त्यांच्याकडे पत्रे नाहीत, आणि माझ्याकडे कागद नाही. मग कोण कुणाचं ऐकणार?”

“म्हणून तूही पडद्याआड बसलास,” आर्वेल म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली.

थेनने तोंडावर हात फिरवला. “सांग सगळ्यांना. माझी तयारी आहे.”

“तूच सांग. मला चारचौघांत बोलता येत नाही.” थेनने मान डोलावली. मग आर्वेल म्हणाला, “आणि नेड्राच्या वहीतलं पान कापायला नको होतंस.”

“ते मी नाही कापलं,” थेन म्हणाला. “शपथ घेतो हवी तर. एप्रिलमध्ये वही चाळली तेव्हाच तो काठ तसा होता. तो बघूनच तर मला सुचलं.”

६

आर्वेल घरी चालत आला. काठाची कड तपकिरी होती, हे तर त्याने स्वतःच पाहिलं होतं. वही संग्रहालयात येऊन सात वर्षं झाली. त्याआधी ती नेड्राच्या घरी, तिच्या कपाटात होती. म्हणजे पान नेड्रानेच कापलं. फार पूर्वी. आणि ती म्हणाली, ते कुठे आहे ते तुला ठाऊक आहे.

तो अंगणातच थांबला. जाड पाकीट. दोन तिकिटं.

नकाशांचं पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर होतं. खुर्चीवर चढून त्याने ते काढलं. पत्र तसंच होतं. त्याने ते पहिल्यांदाच उलटलं. मागच्या बाजूला नेड्राच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘हे पान मी कापलं. जाळायला हात धजला नाही, ठेवायलाही नाही. सभेत सगळे तिचं नाव घेतात आणि मला गिळवत नाही. तू हसशील अशी भीती वाटते, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू? वाच आणि ये. मी वाट बघते.’

आणि तो घडी केलेला कागद. साक्षीचा, असं समजून त्याने जो कधी उलगडला नव्हता. कड एका बाजूने वाकडीतिकडी कापलेली, तपकिरी. तपकिरी शाई, डावीकडे कललेलं अक्षर.

‘मी वर पाणी घेऊन जायचे. पडद्याआड एक जण बोलत असे आणि दुसऱ्याची लेखणी करकरत असे. एकदा खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर मळक्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी घागर ठेवली आणि हात पुढे केला. जिन्यात पाय वाजले. मी हात मागे घेतला. नंतर लोकांनी विचारलं, पाहिलंस ना? मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. पत्रे होते की नव्हते, मला ठाऊक नाही. मी कापड उचललं नाही.’

खिडकीबाहेर उजेड मंदावत गेला. आर्वेलने ते पान चार वेळा वाचलं. यात थेनला हवं होतं तेही नव्हतं, आणि सभेत उभं राहून सांगावं असंही काही नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या घशात जे अडकलं होतं, ते दीडशे वर्षांपूर्वी एका बाईने लिहून ठेवलं होतं, आणि तेच घेऊन बहीण पत्रातून एकटी त्याच्या दाराशी आली होती. त्याने दार उघडलं नव्हतं. तिला वाटलं, भाऊ हसला. आणि या आठवड्यात तिला वाटलं, भावाने पान मित्रांना दिलं आणि त्यावरून खोटं पान लिहवून घेतलं. तरी तिने खरं काय होतं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हल्डाचं गुपित फुटलं असतं. म्हणून चोर म्हणवून घेतलं.

गुरुवारी सकाळी त्याने उत्तर लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं:

‘नेड्रा, तू पाठवलेलं पान मी काल उघडलं. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की ती तुझी साक्ष आहे. मी हसलो नव्हतो. मी वाचलंच नव्हतं. ते हसण्याहून वाईट आहे. बॅग्लीचं पान खोटं आहे. त्याने कबूल केलंय, उद्या वर्तमानपत्राच्या बाईला आणि रविवारी सगळ्यांना तोच सांगेल. वहीमधलं पान कुणी कापलं, ते मी कुणाला बोललो नाही.

तू विचारलंस, हल्डा खोटं बोलली का. लोकांपुढे बोलली. या पानावर नाही. मला वाटतं हे पान लिहिताना तिला फार भीती वाटली असेल, आणि तरी तिने ते फाडलं नाही, तूही नाही. पत्रे होते की नव्हते, याबद्दल मला जे वाटतं ते मला वाटतं. पण ठाऊक मलाही नाही.

पान सोबत परत पाठवतो. ते वहीत पुन्हा लावायचं असेल तर मला शिवता येतं, कळणारही नाही. नसेल लावायचं, तर तुझ्याकडे राहू दे. तू बोलावलं होतंस. अजून बोलावणं असेल तर येतो. आर्वेल.’

टपाल कचेरीत विल्डा नावाची बाई खिडकीवर होती. तिने पाकीट तोललं आणि पत्ता वाचला.

“सिस्टर नेड्राला? अहो, चार गल्ल्या आहेत. चालत नेलंत तर दहा मिनिटं. शिवाय दोन तिकिटं लागतील, जाड आहे.”

“दोन द्या,” आर्वेल म्हणाला.

“हट्टी आहात हां तुम्ही.”

“तिने पत्र पाठवलं होतं,” तो म्हणाला. “उत्तर पत्रानेच द्यायला हवं.”

त्याने दोन्ही तिकिटं चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि खिडकीतून न देता बाहेरच्या पेटीपाशी गेला. धूर विरळ झाला होता. संग्रहालयाच्या बाजूने घंटेचा एक बारीक टोला ऐकू आला. कुणीतरी पाहुण्याने हात लावला असणार. आर्वेलने पाकीट फटीत धरलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि सोडलं.